संध्याकाळी साडेपाच ते नऊ: नाशिकच्या सिडकोतल्या पोरांच्या केंद्राचा माझा अनुभव

आधीच सांगतो, केंद्राचं नाव आणि गल्ली मी लिहिणार नाहीये. तिथं येणाऱ्या काही पोरांच्या पोलीस केसेस चालू आहेत, नाव लिहिलं की पोरं ओळखू येतात, आणि केसमधल्या अल्पवयीन पोराची ओळख उघड करणं हाच एक गुन्हा आहे, हे मला मागच्या वर्षीपर्यंत माहितीसुद्धा नव्हतं. ताईला आणि भाच्याला विचारून हे लिहितोय. ज्यांना खरंच गरज आहे त्यांनी मेसेज करा, मी स्वतः घेऊन जाईन. त्रिमूर्ती चौकातून चालत जाता येतं एवढं सांगतो.

पाचपैकी साडेचार स्टार. अर्धा का कापला ते खाली लिहिलंय.

जागा म्हणाल तर समाजमंदिराची एक खोली, पुढं पत्र्याची शेड आणि बाजूला एक मोकळा प्लॉट, बस एवढंच. संध्याकाळी एकट्या पडणाऱ्या पोरांसाठी, केस असलेल्या आणि नसलेल्या सगळ्यांसाठीच, पाच-सहा रहिवाशांनी मिळून चालू केलंय. रिटायर्ड शिक्षिका आहेत एक, त्यांना सगळे काकू म्हणतात, एक कंपनीतून व्हीआरएस घेतलेले मेकॅनिक आहेत, एक वकील मॅडम शनिवारी येतात आणि कॉलेजची दोन पोरं आहेत. महिन्याला शंभर रुपये, आणि नसतील तर कुणी मागत नाही, मी तर बघितलंय की कोण देतं आणि कोण देत नाही हे पोरांना कळूच देत नाहीत.

आता वेळेबद्दल, कारण या सगळ्या केंद्राची अक्कल त्या वेळेत आहे. सिडकोत निम्मी घरं अंबड-सातपूरच्या कंपन्यांवर चालतात. सेकंड शिफ्टला दुपारी गेलेला माणूस रात्री साडेअकरापर्यंत घरी येतो. आई धुणीभांडी नाहीतर पॅकिंगला. शाळा सुटली की पोरगं घरी येतं, कुलूप काढतं, डब्यातलं खातं आणि मग पाच ते नऊ ते कुणाचंच नसतं. त्याच वेळेला गल्लीच्या कोपऱ्यावर बाईक लावून मोठी पोरं उभी असतात. माझ्या भाच्याचं सगळं याच चार तासात झालं. दाजी सेकंड शिफ्टला, ताई एका क्लासमध्ये साफसफाईला, आणि मी पण शिफ्टवाला, मग बघणार कोण?

सुरुवात बाईकपासून झाली. चालवायला देतो ये, म्हणाले. मग बिर्याणी, मग रिचार्ज, मग एका 'भाई'च्या बड्डेला कोयत्यानं केक कापायचा व्हिडिओ, त्यात हा मागं उभा, आणि तो व्हिडिओ मी स्वतः बघितला होता आणि हसून सोडून दिला होता, ते मला आजही टोचतं. मग एका पगाराच्या दिवशी अंबडकडून चालत येणाऱ्या एका कामगाराच्या हातातला मोबाईल ओढला. ओढणारा बावीस वर्षांचा, बाईक चालवणारा आमचा, सोळाचा. ज्याचा मोबाईल गेला तो पण आपल्यासारखाच शिफ्ट करून घरी निघालेला माणूस. ते विसरून मी काहीच लिहिणार नाही.

रात्री ताईचा फोन आला तेव्हा मी कंपनीत लाईनवर कामाला होतो. गेट पास काढून पोलीस ठाण्यात पोचलो तर भाचा त्या मोठ्या पोरांच्या शेजारीच बाकावर. कुणी काही सांगेना. उद्या बघू, म्हणाले. ताई पायरीवर बसून रडतेय. शेजारच्या एका बाईंनी काकूंचा नंबर दिला, तोवर मी या केंद्राचं नाव पण ऐकलं नव्हतं. रात्री अकराला काकू आल्या, पायात स्लीपर, हातात एक फाईल, फोनवर वकील मॅडम. आवाज चढवला नाही. फक्त विचारलं की बालकल्याण पोलीस अधिकारी कोण आहेत, त्यांना बोलवता का. प्रत्येक पोलीस ठाण्यात असा एक अधिकारी नेमलेला असतो हे मला त्या रात्री कळलं. ते साध्या कपड्यात आले, भाच्याला वेगळ्या खोलीत बसवलं, ताईला आत घेतलं, पाणी दिलं. तिथून पुढं सगळं नीट झालं. म्हणजे माणसं तीच, ठाणं तेच, फक्त विचारणारं कुणीतरी लागलं.

वकील मॅडमनी नंतर शनिवारी सगळ्या पालकांना बसवून समजावलं ते जमेल तसं लिहितो कारण हे प्रत्येक आईबापाला माहिती पाहिजे. अठरा वर्षांच्या आतल्या पोराला लॉकअपमध्ये टाकता येत नाही, बेड्या घालता येत नाहीत, आणि २४ तासात बाल न्याय मंडळापुढे, म्हणजे पोरांच्या केसेस ऐकणाऱ्या मंडळापुढे, न्यावंच लागतं, प्रवासाचा वेळ सोडून. हा २०१५ चा बाल न्याय कायदा आहे, लागू झाला जानेवारी २०१६ पासून. जामीन हा साधारणपणे मिळतोच, पण पोरगं पुन्हा त्याच टोळक्यात जाईल किंवा त्याच्या जिवाला धोका आहे असं मंडळाला वाटलं तर नाही मिळत आणि मग निरीक्षणगृहात ठेवतात, आपल्याकडे उंटवाडीला आहे ते, लोक अजून रिमांड होमच म्हणतात. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून फुकट मिळतो, त्यांचा नंबर १५१००. पोरगं संकटात असेल, मार खात असेल, हरवलं असेल, कुणी कामाला जुंपलं असेल तर १०९८. हे दोन नंबर केंद्राच्या दारावर खडूनं एवढे मोठे लिहिलेत की रस्त्यावरून दिसतात.

आणि मला सगळ्यात महत्त्वाचं वाटलं ते हे, की पोरांना वापरणाऱ्या मोठ्यांसाठी वेगळं कलम आहे. कुठल्याही मोठ्या माणसानं किंवा टोळीनं लहान पोराला बेकायदेशीर कामाला लावलं तर सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि पाच लाख रुपये दंड. लहान पोराला दारू, तंबाखू किंवा नशेचा माल दिला तरी सात वर्षांपर्यंत, फक्त डॉक्टरनं औषध म्हणून दिलं तर वेगळं. आम्ही इतके दिवस फक्त भाच्याला शिव्या देत होतो, त्याला बाईकवर बसवणाऱ्यांबद्दल कुणी एक शब्द बोललं नव्हतं. आमच्या वतीनं तसा अर्ज मॅडमनी लिहून दिला.

त्यातच तिसऱ्या दिवशी गल्लीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर भाच्याचा फोटो आला. खाली लिहिलेलं, यापासून सावध राहा. ताईनं दोन दिवस दार उघडलं नाही. काकू ॲडमिनच्या घरी गेल्या आणि सांगितलं की अशा पोराचं नाव, फोटो, शाळा, काहीही पसरवलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. त्यांनी काढला फोटो, आणि घरी येऊन ताईची माफी मागितली, ते पण चांगली माणसं आहेत, घाबरलेली होती. पण फोटो काढेपर्यंत शाळेपर्यंत पोचला होता आणि शाळेनं दाखला घेऊन जा म्हणून तोंडी सांगितलं. कुठली शाळा ते लिहीत नाही. भाचा दहावीत होता.

इथं केंद्राचं काम मला खरं दिसलं. एकदा प्रॉब्लेम झाला की सल्ला देणारे शंभर जण येतात, सोबत चालणारं कुणी नसतं. काकूंनी आधी शाळेत दोन चकरा मारल्या, जमलं नाही, मग लगेच १७ नंबर फॉर्मची तयारी. ज्यांना माहिती नाही त्यांच्यासाठी, शाळेत न जाता दहावी-बारावीला बाहेरून बसता येतं, त्यासाठी तो फॉर्म असतो. कागद जमवले, फोटो काढले, भरून पण झाला. सध्या तिथं अशी शाळा सुटलेली अकरा पोरं बसतात. दहावी झाली की सातपूरच्या सरकारी आयटीआयला काय काय ट्रेड आहेत त्याचा कागद भिंतीवर चिकटवलाय. मेकॅनिक काका तोवर जुन्या दोन स्कुटरी उघडून शिकवतात, आमच्या पोराला कार्ब्युरेटर साफ करता येतो आता, हात काळे करून घरी येतो आणि ताई ओरडते, पण आनंदानं ओरडते.

दुसरं, यांनी प्लॅनिंग कसं केलंय ते. मला वाटलं होतं प्लॅनिंग म्हणजे मीटिंगा आणि बॅनर. इथं त्यांनी पोरांनाच एक मोठा खाकी कागद दिला आणि आपल्या भागाचा नकाशा काढायला लावला. कुठं भीती वाटते तिथं लाल टिकली, कुठं बरं वाटतं तिथं हिरवी. मोठ्यांनी काढला असता तर देवळं आणि शाळा दाखवल्या असत्या. पोरांनी दाखवलं की मार्केटच्या मागच्या प्लॉटवर दिवा नाही, बंद पडलेल्या शौचालयामागं गोळ्या मिळतात, अमुक टपरीवर पोरांना सिगारेट सुट्टी मिळते, अमुक गल्लीतून मुली सातनंतर जात नाहीत. मालेगावची कुत्ता गोळी, म्हणजे ती नशेची गोळी, आपण पेपरात वाचतो आणि ते तिकडचं म्हणून सोडून देतो, आणि २०२३ च्या ऑक्टोबरात तर नाशिकरोडच्या पुढं शिंदे गावात एमडी या नशेच्या मालाचा अख्खा कारखाना सापडला होता, म्हणजे लांबचं काही राहिलेलं नाही. तो नकाशा घेऊन पालक, दोन दुकानदार, गस्तीवरचे पोलीस (बीट मार्शल) आणि रिक्षा स्टँडवाले एकत्र बसले. दिव्यासाठी अर्ज, पाठपुरावा, दोन महिने लागले पण लागला दिवा. टपरीवाल्याकडे काकू आणि चार आया गेल्या, शाळेपासून शंभर यार्डांच्या आत आणि अठराच्या खालच्याला तंबाखू विकता येत नाही हे सांगितलं, भांडण न करता. आता तो विकत नाही, निदान आमच्या पोरांना तरी नाही. रिक्षावाल्या भाऊंना सांगून ठेवलंय की रात्री नऊनंतर आपलं पोरगं कोपऱ्यावर दिसलं तर घरी सोडायचं.

सरकारी नियमात वॉर्ड पातळीवर बाल संरक्षण समिती असावी असं आहेच, केंद्र सरकारच्या मिशन वात्सल्य योजनेत पण आहे. कागदावर असलेली गोष्ट गल्लीत कशी दिसते ते इथं बघायला मिळतं. माझं स्पष्ट मत आहे की सीसीटीव्हीच्या आधी हे व्हायला पाहिजे. कॅमेरा गुन्हा झाल्यावर कोण ते सांगतो, आणि तोवर पोरगं गेलेलं असतं.

आणि ढोल! मोकळ्या प्लॉटवर संध्याकाळी सात ते आठ या वेळेत ढोल वाजवतात. आपला नाशिक ढोल सगळ्या महाराष्ट्रात वाजतो आणि आपल्याच पोरांना तो हातात मिळत नाही. काकूंनी कुठल्यातरी पथकाकडून जुने सात ढोल मागून आणले. नियम एकच, दिवसभरात कुणाला मारलं किंवा नशा केली तर त्या दिवशी ढोल नाही, पण खोलीत बसायला यायचंच, हाकलत नाहीत. ज्याला हाकललं तो परत कोपऱ्यावरच जाणार ना. आमचा पहिला महिनाभर नुसता भिंतीला टेकून बसायचा, कुणाशी बोलायचा नाही. एक दिवस ढोल गळ्यात अडकवला आणि घामाघूम होईपर्यंत वाजवत राहिला आणि मग बाजूला जाऊन रडला. मेकॅनिक काका शेजारी जाऊन बसले, काही बोलले नाहीत. मला हे काकांनी नाही, भाच्यानंच सांगितलं, खूप दिवसांनी.

बाल न्याय मंडळाच्या तारखेबद्दल पण लिहितो कारण लोकांना त्याची फार भीती असते. कोर्टासारखं नसतं ते. उंच स्टेज नाही, पिंजरा नाही, टेबलाच्या पलीकडे एक मॅजिस्ट्रेट आणि दोन समाजसेवक, त्यात एक तरी बाई असावीच लागते. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) आधी घरी येऊन गेले होते, घरात किती माणसं, कोण कमावतं, पोराचे मित्र कोण, शाळा का सुटली, सगळं विचारलं, त्याचा रिपोर्ट जातो. केंद्रानं पोराच्या हजेरीचं पत्र दिलं. कॉलेजच्या पोरांपैकी एक जण प्रत्येक तारखेला सोबत आला, माझी शिफ्ट असली तरी. चौकशी चार महिन्यात संपवायची असं कायद्यात आहे आणि आमची त्या आत संपली. एक वर्ष ताईच्या ताब्यात, देखरेखीखाली, आणि समुपदेशन. तिथं भाच्याला विचारलं, ज्याचा मोबाईल गेला त्याला काय सांगशील. हा बराच वेळ गप्प, मग म्हणाला, 'त्यांचा पगार होता ना त्या दिवशी'.

२०२४ च्या मे महिन्यात पुण्यात कल्याणीनगरचा अपघात झाला, दोन जीव गेले, आणि जामिनाला तीनशे शब्दांचा निबंध सांगितला, तेव्हापासून लोक म्हणतात की ही पोरं निबंध लिहून सुटतात. लोकांचा राग मी समजू शकतो, मला पण आला होता. पण भाच्याचं जे चाललंय त्याला सुटणं म्हणत नाहीत. दर शनिवारी हजेरी, समुपदेशन, अभ्यास, संध्याकाळी केंद्र, रात्री नऊच्या आत घर, आणि गल्लीतल्या प्रत्येकाच्या नजरेतून रोज जायचं. सोळाच्या वरच्या पोरानं खून, बलात्कार यासारखा भयंकर गुन्हा केला तर मंडळ प्राथमिक मूल्यांकन करून केस मोठ्यांसारखी चालवायला बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं, ती तरतूद आहेच. बाकीच्या पोरांना कोपऱ्यावरून परत आणायचं काम कुणीतरी करायला नको का?

आता अर्धा स्टार का कापला.

मुलींसाठी फार कमी आहे. सातनंतर मुली दिसतच नाहीत, ढोलाला दोनच आहेत. मुलींना घरचे पाठवत नाहीत म्हणतात, पण मग त्यांच्यासाठी दुपारची वेळ काढा ना, त्या पण एकट्याच असतात घरी. दुसरं, समुपदेशक एक शनिवार आड एक येतात आणि पोरं चाळीसच्या वर, प्रत्येकाला दहा मिनिटं पण मिळत नाहीत, भाच्याला झोप लागत नव्हती तेव्हा तीन आठवडे थांबावं लागलं. तिसरं जरा गंभीर आहे. सुरुवातीला केसवाल्या पोरांचं रजिस्टर वेगळं होतं आणि ते टेबलावर उघडंच पडलेलं असायचं. कुणीही आत येऊन वाचलं असतं. मी काकूंना सांगितलं की तुम्हीच व्हॉट्सॲपवाल्यांना कायदा सांगितला आणि इथं तर नावं उघडी. त्यांना वाईट वाटलं पण त्याच दिवशी रजिस्टर एक केलं आणि कपाटात ठेवलं. ऐकून घेतात, हे पण लिहायलाच पाहिजे. आणि रविवारी बंद असतं. रविवार हाच सगळ्यात वाईट दिवस असतो पोरांसाठी, तो सोडून सोमवारी सुट्टी घ्या असं मी तीन वेळा म्हटलंय.

खोली पावसात गळते, ते त्यांच्या हातात नाही.

भाचा या केंद्रात येण्याआधी आम्ही पैसे भरून एका शिस्तीच्या क्लासला पण टाकून बघितलं होतं, तीन महिन्यांची फी एकदम, पहाटे पळवायचे, उठाबशा, मोबाईल जमा. नाव घेत नाही. तिथं पोरगं घाबरलं पण सुधारलं नाही, आणि संध्याकाळी कोपरा होताच. या केंद्रात त्याला कुणी एकदाही 'तू केलंस' म्हणून सुनावलं नाही आणि तरी केलेलं विसरू पण दिलं नाही, हे कसं जमवतात मला अजून नीट कळलेलं नाही.

कुणी जावं? ज्यांचं पोरगं नववी-दहावीत आहे आणि संध्याकाळी घर रिकामं असतं त्यांनी केस व्हायची वाट न बघता आत्ताच पाठवा, तिथली निम्म्याहून जास्त पोरं अशीच आहेत, कसलीही केस नसलेली. नशेचं प्रमाण जास्त असेल तर मात्र आधी डॉक्टर, हे केंद्र त्याचं काम नाही, काकू स्वतःच तसं सांगतात आणि सिव्हिलला घेऊन जातात. पहिल्या दिवशी आई किंवा बापापैकी कुणी सोबत लागतं, शाळेचा कुठलाही एक कागद आणि दोन फोन नंबर द्यायचे. पंचवटी, सातपूर, वडाळागावकडची माणसं विचारत होती आमच्याकडे असं आहे का म्हणून, तर काकू शनिवारी पाचला येऊन बसा म्हणतात, नकाशा कसा करायचा, पोलिसांशी कसं बोलायचं, सगळं दाखवतात, पैसे घेत नाहीत.

आणि एक विनंती. दहावीच्या पोरांना बीजगणित शिकवायला कुणीच नाहीये. आधीचा मुलगा नोकरी लागून पुण्याला गेला. मंगळवार, गुरुवार, सात ते साडेआठ. माझी सेकंड शिफ्ट असते आणि मला स्वतःला ते वर्गसमीकरणाच्या पुढं येत नाही. परीक्षा तोंडावर आलीय, भाचा रोज रात्री वही घेऊन माझी वाट बघत बसतो. त्या बाजूला राहणारं, गणित पक्कं असलेलं कुणी असेल तर कळवा.